मॅन बेटावरची पितळी घुमटाची इंजिनं

गुरुवार

अण्णा, म्हणजे माझे वडील, उन्हाळ्यात आमच्याकडे मँचेस्टरला आले की त्यांना काय दाखवायचं हा प्रश्नच असतो. मॉल दाखवला तर म्हणतात सोलापुरात पण झालाय, राजवाडा दाखवला तर म्हणतात चांगलाय पण इथं काम काय चालतं? कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर म्हणून आयुष्य गेलेला माणूस, तो दुसरं काय विचारणार. मग नवऱ्याने सुचवलं की आयल ऑफ मॅनला जाऊ, तिथे १८७३ पासूनची नॅरोगेज आहे आणि वाफेची इंजिनं अजून गाडी ओढतात, बागेतल्या खेळण्यातल्यासारखी नाही, टाइमटेबलप्रमाणे. अण्णा लगेच, "गेज काय?" गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ते तीन फूट म्हटल्यावर हिशोब करून म्हणाले, "आपल्या बार्शी लाईट रेल्वेपेक्षा सहा इंच जास्त." झालं, बॅग भरायला घेतली.

लिव्हरपूलहून फेरी. पावणेतीन तासांच्या आसपासचा प्रवास, आयरिश समुद्र, पोरगा सगळा वेळ खिडकीला चिकटून आणि नवरा डोळे मिटून गप्प. आईने आलेपाकाच्या वड्या दिल्या होत्या त्या इथे कामी आल्या. डग्लसला उतरलो तेव्हा पाऊस नव्हता, इथल्या मानाने हेच खूप. या बेटाचं प्रकरण जरा वेगळं आहे, युनायटेड किंगडमचा भाग नाही, स्वतःची पार्लमेंट आहे (टिनवाल्ड म्हणतात), स्वतःच्या पाउंडाच्या नोटा, आणि झेंड्यावर तीन पाय, नुसते पाय, गुडघ्यात वाकलेले. पोराला ते पाय इतके आवडले की दिसेल तिथे मोजत सुटला. मॅन्क्स नोटा बेटावरच संपवायच्या, इंग्लंडमधले दुकानदार त्या घ्यायला कुरकुर करतात.

संध्याकाळी नुसतंच स्टेशन बघून आलो. लाल विटांचं, १८९२ चं, प्रवेशाच्या कमानीवर सोनेरी घुमट. एवढ्याशा बेटाला एवढं थोरलं स्टेशन कशाला असं वाटतं, पण त्या काळात इथे लँकशरच्या गिरण्यांमधले कामगार उन्हाळ्याच्या सुट्टीला बोटी भरभरून यायचे आणि बोटीतून उतरला की माणूस थेट रेल्वेत.

शुक्रवार

आजचा दिवस खरा.

सकाळी वेळेच्या बऱ्याच आधी प्लॅटफॉर्मवर, कारण अण्णांना इंजिन जोडताना बघायचं होतं. आलं ते चार नंबर, नाव लॉख, १८७४ चं. ठेंगणं, दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या, धुराड्यावर पितळेचा ४ आकडा ठोकलेला आणि मध्ये बॉयलरवर पितळी घुमट, वरच्या टोकाला कर्ण्यासारखा उमललेला, इतका घासलेला की आमची सगळ्यांची तोंडं त्यात ताणून दिसत होती. पुढे छोट्या चाकांची एक जोडी आणि मागे मोठ्या चाकांच्या दोन जोड्या, मोठी चाकं पावणेचार फूट व्यासाची. सिलेंडर बाहेरच्या बाजूला आणि तिरके बसवलेले, अकरा इंच व्यास आणि अठरा इंच स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल. अण्णा वाकून तो तिरकेपणा बघत बसले. म्हणाले, "पुढची चाकं वळणावर आत-बाहेर हलायला पाहिजेत, म्हणून सिलेंडर वर उचललाय. बरोबर केलंय." १८७० च्या दशकातल्या इंग्रजाला दीडशे वर्षांनी पास करून टाकलं.

तर या इंजिनांची गोष्ट अशी की ती आमच्या गावची आहेत, म्हणजे मँचेस्टरची. गॉर्टनमध्ये बेयर पीकॉकचा कारखाना होता, १८५४ ला सुरू झाला आणि १९६६ ला बंद पडला, तेवढ्यात आठ हजारांच्या आसपास इंजिनं जगभर पाठवली. आपल्या बंगाल-नागपूर रेल्वेची ती अवाढव्य गॅरेट इंजिनं पण तिथलीच. मॅन बेटाच्या कंपनीने ऑर्डर दिली तेव्हा बेयर पीकॉकने नव्याने काही डोकं लावलं नाही, नॉर्वेच्या नॅरोगेजसाठी आधी केलेलं डिझाइन होतं तेच थोडं फिरवून दिलं. १८७३ मध्ये तीन इंजिनं आली, सदरलँड, डर्बी आणि पेंडर, आणि १ जुलैला डग्लस ते पील लाइन सुरू झाली. पुढच्या वर्षी १ ऑगस्टला पोर्ट एरिनची, ज्यावर आम्ही निघालो होतो.

आणि मग पुढची पन्नासेक वर्षं कंपनीला जेव्हा जेव्हा इंजिन हवं झालं तेव्हा त्यांनी त्याच कारखान्याला पत्र टाकलं की तसंच अजून एक द्या. शेवटचं मॅनिन, सोळा नंबर, १९२६ चं, बॉयलर बराच मोठा, सिलेंडर बारा इंची, पण घराणं तेच. एक ते सोळा नंबरांत फक्त एकच परकं आहे, त्याच्याबद्दल नंतर. मला यात फार मोठी अक्कल दिसते. मोठ्या रेल्वेत दर नवीन चीफ इंजिनियर आला की नवीन मॉडेल, जुनं भंगारात. इथे पैसाच नव्हता तर भंगारात काय काढणार, एकाचा बॉयलर दुसऱ्याला, दुसऱ्याची टाकी तिसऱ्याला, आणि सगळं बसतं कारण सगळं एकाच मापाचं. आमच्या लॉखलाच १९०९ मध्ये आधीपेक्षा मोठा बॉयलर बसवला होता. सदरलँड तर १९९८ ला, रेल्वेच्या सव्वाशेव्या वर्षी, दुसऱ्या इंजिनाचा बॉयलर घालून धावलं.

नवरा म्हणाला मग हे १८७४ चं इंजिन कसं काय म्हणायचं, काय राहिलंय त्यातलं? अण्णांना हा प्रश्नच बावळट वाटला. "फ्रेम कुठली? नंबर कुठला? बॉयलर काय, बदलायचीच वस्तू आहे ती. कुर्डुवाडीला आम्ही किती बदलले." विषय संपला.

डब्यांची पण अशीच गंमत आहे. सुरुवातीचे चार चाकांचे छोटे डबे होते, ते हादरे द्यायचे, म्हणून पुढे त्यांनी काय केलं तर दोन-दोन डब्यांची खोकी उचलून एकाच लांब बोगी फ्रेमवर एकामागे एक बसवली. इथे त्यांना जोडगोळी अशा अर्थाचंच नाव आहे. बाहेरून बघितलं तर मधली फट दिसते. आम्ही अशाच एका डब्यात बसलो, कंपार्टमेंटला आडवी बाकं, दाराची काच चामड्याच्या पट्ट्याने खाली-वर करायची, पोराने ती पोर्ट एरिनपर्यंत किती वेळा केली ते विचारू नका.

शिट्टी झाली आणि गाडी सुटली तर लगेच चढ. पासष्टाला एक, म्हणजे पासष्ट फुटांमागे एक फूट वर, आणि तो पण स्टेशनातून बाहेर पडता पडताच, थंड इंजिनाला वाईट खेळ आहे हा. धाड-धाड-धाड असा आवाज, दोन सिलेंडरचे चार ठोके वेगवेगळे ऐकू येतात, अण्णा मांडीवर बोटाने ताल धरून ऐकत होते आणि मध्येच म्हणाले, "एक ठोका जरा बारीक पडतोय, व्हॉल्व्हचं सेटिंग बघायला पाहिजे." मी म्हटलं अण्णा सुट्टीवर आलोय आपण. डावीकडे समुद्र दिसायला लागतो, कडे खाली तुटलेले, मग पोर्ट सोडरिक, मग सँटन, दोन्ही एवढीशी स्टेशनं, फुलझाडांच्या कुंड्या आणि गवतात मेंढ्या. पुढे उतार लागतो आणि गाडी हलकी पळते. बॅलसॅलाला समोरून येणारी गाडी, १३ नंबर किसॅक, १९१० चं. एकेरी लाइन असल्यामुळे स्टेशनातच क्रॉसिंग. दोन्ही इंजिनं शेजारी उभी राहिली तेव्हा फरक शोधायला मजा आली. छत्तीस वर्षांचं अंतर आहे दोघांत आणि लांबून ओळखता येईल तर शपथ, धुराड्यावरच्या आकड्यामुळेच कळतं.

कॅसलटाउनला परत येताना उतरायचं ठरवलं होतं (उतरलो, किल्ला छान आहे, घड्याळाला एकच काटा आहे, तासाचा, अण्णा म्हणाले रिटायर झालेल्यांना पुरतो), आधी सरळ पोर्ट एरिन. साधारण तासाभरात २५ किलोमीटर. गाडी थांबल्यावर इंजिन सुटतं, दुसऱ्या रुळावरून मागे जातं, पाणी पितं आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाला लागतं. टर्नटेबल नाही, त्यामुळे जाताना धुराडं पुढे आणि येताना इंजिन उलटं धावतं. पाणी भरताना ड्रायव्हर खाली उतरला होता, चाळिशीतला, तेलाने माखलेला. नवऱ्याने ओळख करून दिली की हे इंडियन रेल्वेत नॅरोगेजवर होते. मग काय. अण्णांचं इंग्रजी म्हणजे इंजेक्टर, ग्लँड, फायरबॉक्स, स्टे-बोल्ट, पण दुसऱ्याचंही तेवढंच असलं की अडत नाही. दोघं पाच मिनिटं क्रॉसहेडकडे बोट दाखवून बोलत होते आणि शेवटी ड्रायव्हरने कापसाच्या चिंध्यांचा गोळा काढून अण्णांना हात पुसायला दिला, कारण यांनी मध्येच वंगण चाचपून बघितलं होतं.

पोर्ट एरिनच्या स्टेशनाला लागूनच म्युझियम आहे, तिथे मॅनिन आणि सहा नंबरचं पेव्हरिल उभी. मॅनिन जवळून बघितल्यावर कळतं की बॉयलर केवढा फुगवलाय. मूळ आराखड्याला ताणून ताणून इथवर आणलं, याच्या पुढे काही जमलं नसतं बहुतेक. जमवायची वेळही आली नाही, मोटारबस आल्या.

तीन नंबरचं पेंडर मात्र बेटावर नाही. ते मँचेस्टरच्या सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियमकडे आहे आणि त्याची एक बाजू चक्क कापून ठेवलीय, आतल्या नळ्या, भट्टी, पिस्टन सगळं उघडं. मी ते पूर्वी बघितलेलं, त्यामुळे पोराला समजावताना सोपं गेलं की आग इथे, गरम धूर त्या नळ्यांतून पुढे, पाणी नळ्यांच्या बाहेरून, वाफ वर घुमटात जमा होते आणि तिथली कोरडी वाफ सिलेंडरला जाते. म्हणजे तो घुमट शोभेचा नाही, घासून शोभेचा केलाय एवढंच. पेंडर हे नाव कंपनीतल्या सर जॉन पेंडरचं, आणि हा पेंडर म्हणजे समुद्राखालच्या तारांचा बादशहा. १८७० मध्ये सुएझहून एडनमार्गे मुंबईपर्यंत समुद्रातून तार आली, ती याच्याच कंपनीची. मुंबईचे कापसाचे भाव झटपट लंडनला कळायला लागले ते यामुळे. आणि त्याच्या नावाचं इंजिन या बेटावर मेंढ्यांच्या मधून फिरत होतं.

शनिवार

आज लॅक्सी. डग्लसहून इलेक्ट्रिक ट्राम, ती पण तीन फुटीच आणि १८९३ पासूनची, काही डबे तेव्हाचेच. लॅक्सीला शिसं आणि जस्ताच्या खाणी होत्या, खाणीतलं पाणी उपसायला १८५४ मध्ये केलेलं अवाढव्य पाणचक्र आहे, लेडी इसाबेला, व्यास साडेबहात्तर फूट. सगळे टुरिस्ट तिकडे धावतात, आम्हीही गेलो, बघण्यासारखंच आहे. पण शनिवारी तिथे एक छोटी खाणरेल्वे चालते, ती चुकवू नका. गेज एकोणीस इंच. हो, इंच. बोगद्यातून खनिजाच्या ढकलगाड्या बाहेर आणायला १८७७ मध्ये दोन इंजिनं आणली होती, नावं अँट आणि बी, म्हणजे मुंगी आणि मधमाशी. मूळची केव्हाच भंगारात गेली, आता चालतात त्या २००४ च्या हुबेहूब प्रती. इंजिन एवढं लहान की ड्रायव्हर त्याच्यात बसतो का ते अंगावर घालतो असा प्रश्न पडतो. डब्यात गुडघे छातीशी घेऊन बसलो, रस्त्याखालच्या बोगद्यातून गेलो, संपलं. पोराने लगेच परत रांग लावली.

दुपारी स्नेफेल डोंगरावर. हीपण ट्राम, पण गेज साडेतीन फूट, आणि दोन रुळांच्या मध्ये ब्रेक धरायला तिसरा रूळ. ही लाइन १८९५ मध्ये बांधताना सामान वर न्यायला कॅलेडोनिया हे वाफेचं इंजिन आणलं होतं, ते तीन फुटी, म्हणून तेवढ्यापुरता एक जादा रूळ टाकला. कॅलेडोनिया म्हणजे सोळांतलं ते एकमेव परकं, १५ नंबर, ग्लासगोच्या डब्स कंपनीचं, १८८५ चं. मॅन्क्स नॉर्दर्न नावाच्या दुसऱ्या कंपनीने फॉक्सडेलच्या खाणीच्या चढासाठी घेतलेलं, म्हणून सहाही चाकं जोडलेली, ताकद जास्त. पुढे १९०४-०५ च्या सुमारास मोठ्या कंपनीने ती लहान कंपनी गिळली आणि इंजिन पण सोबत आलं. वर ६२१ मीटरवर म्हणे आभाळ स्वच्छ असेल तर इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स सगळं दिसतं. आम्हाला ढग दिसला, आतून.

रविवार

ग्राउडल ग्लेन. ट्रामने थोडं अंतर, मग झाडीतून खाली चालत. इथली रेल्वे दोन फुटी, म्हणजे आपल्या माथेरानच्याच गेजची, आणि चालवतात सगळे हौशी लोक, आठवडाभर नोकऱ्या करून रविवारी कोळसा मारायला येणारे. गोष्ट फार मजेशीर आहे. १८९० च्या दशकात इथल्या दरीच्या टोकाला समुद्राच्या खडकांत बांध घालून सी लायन ठेवले होते, ध्रुवावरची अस्वलंही, आणि ते बघायला लोकांना न्यायला १८९६ मध्ये ही रेल्वे काढली. इंजिनाचं नाव अर्थातच सी लायन, स्टॅफर्डच्या बॅगनॉलचं. नंतर १९०५ ला दुसरं आलं पोलर बेअर. १९२१ मध्ये मालकाला वाटलं वाफ आता जुनी झाली, बॅटरीवरची इंजिनं आणली, ती काही वर्षांत बसली आणि परत वाफ. हे वाचून अण्णा जे खूश झाले की बस. "बॅटरी!" एवढंच दिवसभरात दोन-तीनदा म्हणून हसले.

१९६२ मध्ये ही लाइन बंद पडली, रूळ उखडले गेले. ऐंशीच्या दशकात हौशी मंडळींनी परत टाकले, आणि सी लायन सेलाफिल्डच्या अणुकेंद्रातल्या शिकाऊ मुलांनी दुरुस्त करून दिलं. आज तेच होतं. कड्यावरून वळणं घेत जातं, खाली समुद्र आपटतोय, आणि टोकाला चहाची टपरी, स्कोन चांगले होते. परत येताना अण्णा माथेरानबद्दल बोलत होते, त्या लाइनचे डबे मोठ्या दुरुस्तीला कुर्डुवाडीला यायचे आणि घाटातल्या वळणांनी चाकांच्या कडा कशा झिजलेल्या असायच्या. माथेरान १९०७ चं, आदमजी पीरभॉय घराण्याने बांधलेलं, तिथल्या जर्मन इंजिनांचे आक्स, म्हणजे चाकांचे दांडे, वळणात बाजूला सरकायचे. बार्शी लाईटच्या कॅलथ्रॉप साहेबाचा वेगळाच विचार, इंजिन असो की डबा, कुठल्याच आक्सावर पाच टनांच्या वर वजन नको, मग हलका रूळ पुरतो आणि मोठं इंजिन पण चालतं. त्याने लीड्सच्या किटसनकडून आठ चाकं एकमेकांना जोडलेलं इंजिन करून घेतलं. अण्णांचं म्हणणं असं की मॅनवाल्यांनी कॅलथ्रॉपला विचारायला पाहिजे होतं. मी म्हटलं, अण्णा, यांची रेल्वे बार्शीच्या आधी चोवीस वर्षं सुरू झालीय. "मग नंतर विचारायचं," म्हणाले.

सोमवार

पावसाची रिपरिप. पीलला गेलो, पण बसने, कारण तिकडची रेल्वेच राहिलेली नाही. १९६५ च्या हिवाळ्यात सगळं जाळं बंद पडलं, १९६६ अख्खं वर्ष एकही गाडी नाही. १९६७ मध्ये मार्क्वेस ऑफ एल्सा नावाच्या एका उमरावाने लाइन भाड्याने घेऊन परत सुरू केली, पण पील आणि रॅमझीच्या गाड्या १९६८ च्या सप्टेंबरपर्यंतच टिकल्या. नंतर रूळ उचलले. पोर्ट एरिनची लाइन पण १९७५-७६ मध्ये तोडून निम्मीच चालवून बघितली, गाडी डग्लसला येतच नव्हती, म्हणजे बोटीतून उतरणाऱ्याला रेल्वेच नाही. असला कारभार. लोक चिडले, १९७७ ला परत डग्लसपासून चालू झाली आणि १९७८ मध्ये बेटाच्या सरकारने सगळं विकत घेतलं. माझं स्पष्ट मत आहे की तेव्हा सरकारने खरेदी केली नसती तर आज पेंडरसारखी सगळीच कुठे ना कुठे कापून ठेवलेली बघावी लागली असती.

पीलचं जुनं स्टेशन आता हाउस ऑफ मनॅनन या म्युझियमचा भाग झालंय. आणि लाइनीच्या जागी चालायची वाट आहे, आम्ही सेंट जॉन्सपासून पीलकडे चाललो, सपाट, रेल्वेचा उतार असल्यामुळे अण्णांच्या गुडघ्यांना पण सोसलं. सेंट जॉन्सला सगळ्या लाइनी एकत्र यायच्या, शेजारीच ती टिनवाल्डची हिरवी पायऱ्यापायऱ्यांची टेकडी जिथे जुलैमध्ये कायदे वाचून दाखवतात. पहिल्या महायुद्धात पीलजवळ नॉकालोला शत्रुदेशांच्या नागरिकांची प्रचंड छावणी होती, वीस हजारांवर माणसं, त्यांच्यासाठी पीलहून एक खास फाटा टाकला होता आणि चढ इतका की तिथेही कॅलेडोनियालाच जुंपलं. इंजिनाची बढती म्हणा की शिक्षा.

जेवायला किपर, खारवून धुरी दिलेला हेरिंग मासा, पीलची खासियत. चव आपल्या सुक्या बांगड्याच्या जवळची, फक्त धूर जास्त आणि बरोबर लोणी-पाव. नवऱ्याने भात मागितला, मिळाला नाही. घरी न्यायला दोन पाकिटं घेतली व्हॅक्यूम पॅक.

मंगळवार

फेरी दुपारची, म्हणून सकाळी अण्णा आणि मी दोघंच परत स्टेशनात, ती दोघं झोपलेली. शेडजवळ कुंपणाच्या अलीकडून बघत होतो तर शुक्रवारचाच ड्रायव्हर, त्याने ओळखलं आणि हात केला. इंजिन पेटवायला पहाटेच यावं लागतं, भट्टीत आधी लाकूड, मग कोळसा, बॉयलर हळूहळू तापवायचा, घाई केली तर प्लेटा ताणतात, हे अण्णांनी मला मराठीत सांगितलं आणि त्याने साधारण तेच इंग्रजीत. आज १२ नंबर होतं, हचिन्सन, १९०८. अण्णांनी विचारलं बॉयलर कुठून करून आणता आता, कारखाना तर बंद झाला. तो म्हणाला इंग्लंडमध्ये अजून करणारे आहेत, पण नंबर लावावा लागतो. अण्णा म्हणाले, "आमचं वर्कशॉप मोकळंच असतं आता." मी भाषांतर केलं. तो हसला, मग म्हणाला पत्ता देऊन ठेवा.

जाणाऱ्यांसाठी: गाड्या साधारण मार्च ते नोव्हेंबर, पण रोज नाहीत, कॅलेंडर बघूनच बुकिंग करा. टीटी या मोटारसायकल रेसच्या वेळी (मे अखेर ते जून) हॉटेल मिळणार नाही आणि मिळालं तर परवडणार नाही. ग्राउडल रविवारी, लॅक्सीची खाणरेल्वे शनिवारी, त्यामुळे वीकेंड मध्ये येईल असं बघा. डग्लसहून जाताना डावीकडच्या खिडकीत बसा. आणि किपर न्यायचाच असेल तर दोन पिशव्यांत गुंडाळा, व्हॅक्यूम पॅकवर विश्वास ठेवू नका.